उर्वशीच्या वाटीतले दही

मित्रांनो, मी एक जुने काचेचे नरसाळे आहे. पेरूसारखे पोट, वर बूच आणि खाली तोटी. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मुलेमुली मला रोज हाताळत. पुढे नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तोटी जाम झाली, झुरळेसुद्धा मला ओलांडून जाऊ लागली. फार वाईट वाटायचे.

त्याच कॉलेजात शिकणाऱ्या, दिघोरी गावच्या उर्वशीने मला बाहेर काढले, कोमट पाण्यात ठेवून तोटी मोकळी केली. तिच्या आईच्या, देवकाबाईच्या, म्हशीला थनाचा आजार झाला होता. थनात सोडलेले अँटिबायोटिक दुधात उतरते आणि त्या दुधाचे दही जमत नाही, हे त्यांच्याकडे घरोघरी ठाऊक. बादल्यांचे धुवण मात्र नालीतून सरळ बोडीत, म्हणजे गावाजवळच्या लहान तळ्यात जायचे. उर्वशीने ते ड्रममध्ये साठवायला लावले होते. आता ड्रम भरला होता.

"किती साठवू वं? आता बोडीतच ओता लागते," देवकाबाई फोनवर म्हणाली.

"ढोरं तेच पाणी पितेत माय. थांब जराशी."

उपाय उर्वशीने शोधला होता. गावाहून कॅनमध्ये आणलेले धुवण गाळून माझ्यात ओतायचे, वर तेलासारखे तरंगणारे द्रावक घालायचे आणि हलवायचे. औषध पाणी सोडून द्रावकात शिरते. मग दोन थर वेगळे झाले की खालचे पाणी तोटीतून काढून घ्यायचे.

पण पोरीचा हात रवीवर पोसलेला! तिने मला ताक घुसळावे तसे घुसळले. पोटात पांढरा फेसाळ गोळा झाला, थर काही पडेनात. तिला शिकवणारे श्यामराव सर म्हणाले, "फेकून दे." ती रडवेली झाली, पण हटली नाही. दुसऱ्यांदा तिने मला तान्ह्या बाळासारखे हळूच कलते केले, परत सरळ केले. थर स्वच्छ पडले. मला तिचा केवढा अभिमान वाटला!

द्रावक बाटलीत बंद करून जाळण्यासाठी वेगळे ठेवले. सरांच्या देखरेखीत पाणी तापवून उरलेला वास घालवला. मग एका वाटीत हे पाणी आणि दुसरीत ड्रममधले पाणी घेऊन तिने दोन्हींत दूध पावडर कालवली, विरजण लावले.

सकाळी देवकाबाई एसटीने कॉलेजात आली. ड्रमच्या पाण्याची वाटी तिने कलती केली; दूध पातळच. मग तिने दुसरी हातात घेतली.

मित्रांनो, आता सर माझ्याच घडणीची, तोटी असलेली मोठी टाकी बनवून घेत आहेत. तोवर ड्रम झाकून ठेवला आहे. तुम्हीही औषधाचे पाणी नालीत ओतू नका. आणि आमच्यासारख्यांना धुऊन, तोटी सैल करून ठेवा, आम्ही अजून कामाचे आहोत. त्या सकाळी देवकाबाईने ती दुसरी वाटी माझ्यासमोर उलटी धरली होती, आणि दही जागचे हलले नाही.