दुसरा ‘रा’

आमच्या बिराजदार बाईंनी पुण्याला भावाच्या शेजाऱ्यांकडे टीव्हीवर युद्धाचं एक नाटक पाहिलं, पण अर्धंच. त्यात एक शिपाई असतो, कुणाचं म्हणून ऐकत नाही. टोळी मागं ‘थांब, थांब’ ओरडतेय आणि हा तुटक्या पुलावर पाय उचलतो. नेमक्या तेव्हाच पडद्यावर मुंग्या आल्या आणि मग सगळं काळं. पुढं त्या शिपायाचं काय झालं ते बाईंना कळलं नाही. सोलापुरात कुणाला विचारावं, तर इथं टीव्ही आहे कुणाकडं?

“गॅदरिंगला हेच नाटक करू, शेवट आपण लिहू,” बाई वर्गात म्हणाल्या. “तो शिपाई सगळ्यांबरोबर चालायला शिकतो.”

“न्हायतर मरतो,” मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. “म्हणूनच तो तू करायचास, हौसा.”

मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणताना माझे कान लाल व्हायचे, हे कुणाला खरं वाटणार नाही. यंदा वादविवादात पहिली आले आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली. मी लगेच कोळशानं मिशी काढून बघितली. लई भारी दिसत होती.

पूल असा केला होता: स्टेजच्या दोन्ही बाजूंना बाकांवर बाकं चढवली आणि वर रंगाऱ्याकडची लांबलचक फळी टाकली. माझ्या डोक्याच्याही वर जायची ती. फळी हलू नये म्हणून तिच्या मधोमध दोर बांधला होता. तो दोर खाली स्टेजच्या लाकडात ठोकलेल्या लोखंडी आकड्यातून ओढून ताणायचा. ताणणारी होती भूलक्ष्मी येमूल. निळं लुगडं म्हणजे नदी, आणि नदीमागं भूलक्ष्मी. प्रेक्षकांना ती दिसणारच नव्हती.

“लढाईत सगळ्यात मोठं काम माझं,” ती म्हणायची, “आणि मिशी मात्र तुला.”

दोर ताणून झाला की तिनं आवाज द्यायचा आणि मग मी पाय टाकायचा. पण तोफा म्हणून दोघी पत्र्याचे डबे बडवायच्या, त्यात ‘ये’ ऐकूच यायचं नाही. भूलक्ष्मीच्या घरी सगळे तेलुगू बोलतात. ती म्हणाली, “आमच्यात ‘रा’ म्हणजे ये. तेवढंच ओरडते.”

“आमच्या आईच्या तोंडी ‘ऱ्हा’ म्हणजे थांब,” मी म्हटलं.

“मग आईचं ऐकू नकोस. तसंही कुठं ऐकतेस?”

चौथ्या की पाचव्या तालमीला तिनं ‘रा’ म्हटलं आणि मी तोऱ्यात पाय टाकला. फळी घोड्यासारखी उधळली. मी बाकाला लटकले आणि खालून भूलक्ष्मीचं कळवळणं ऐकू आलं. दोर तिच्या दोन्ही तळव्यांतून सर्रकन गेला होता.

“तूच तर रा म्हणालीस की,” मी म्हटलं.

“राकु म्हणाले मी. राकु म्हणजे येऊ नको. तुला अर्धाच शब्द पुरतो का गं?”

तळव्यांवर लाल पट्टे उठले होते. ती त्यांवर फुंकर घालत होती. नाटकातल्या आमच्या टोळीत मी धरून पाच जणी. त्यातल्या शांतम्मानं तोडगा काढला: ‘रा’ दोनदा आला तरच जायचं. ‘राकु’ दोनदा ओरडलं तरी दोन ‘रा’ लागोपाठ यायचे नाहीत. आणि मी एकटीनं नाही, पाचही जणींनी ऐकायचं.

त्याच दिवशी भूलक्ष्मीनं मला नदीमागं बोलावलं. आकड्याच्या बुडाशी पिठासारखा बारीक भुगा पडला होता.

“काल पुसलेलं मी. आज परत.”

“उंदीर असंल.”

“उंदीर आवाज करतो. हे गुपचूप खातंय.”

बाईंना सांगितलं. त्यांनी शाळेच्या शिपायाला बोलावून शेजारी दोन खिळे मारून घेतले आणि दहा मिनिटांचं तर नाटक, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुगा. मग भूलक्ष्मी रोज यायची, आधी भुगा फुंकायची आणि मग दोर हातात घ्यायची. आम्ही त्यावरून तिची थट्टा करायचो. नंतर नंतर कुणी करेना.

गॅदरिंग दुपारी होतं. हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, मागं आमचे आईवडील. माझी आई मोडनिंबहून आलेल्या मावशीला घेऊन बसली होती आणि माझी मिशी बघून दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी खूष होते. इतकी खूष, की बाकांवर चढताना खालून काहीतरी कुरकुरलं ते ऐकूनही मी ऐकलं नाही.

तोफा सुरू झाल्या. “तुम्ही या सावकाश. माझा पाय कुणासाठी थांबत नाही,” हे माझं वाक्य. टाळ्या पडल्या. टोळी मागं ओरडली, “थांब, थांब.”

“रा,” खालून आलं.

मी पाय उचलला. डब्यांच्या दणदणाटात पुढचं काही ऐकू येईना. विंगेतून बाई हातानं खुणावत होत्या: चल, चल. आणि माझ्या मनात आलं, तो टीव्हीवरचा शिपाई असाच उभा होता, असाच एक पाय वर, आणि मग सगळं काळं झालं.

मी मागं बघितलं. शांतम्मानं मान हलवली. तिलाही एकच ऐकू आला होता.

मी पाय पुन्हा बाकावर ठेवला आणि हात आडवा करून मागच्यांना अडवलं. नाटकात नसलेलं वाक्य तोंडातून आलं, “कुणी हलायचं नाही.”

फळी आपोआप कलली. लाकूड फाटल्याचा आवाज आला, समोरची बाकं आधी गेली, मग फळी, आणि नदीचं लुगडं तिच्याबरोबर खाली गेलं. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पूल उडाला असं वाटलं त्यांना.

मी उडी मारली आणि फळीला हात घालून जोरात ओढली. खालून भूलक्ष्मी किंचाळली.

“ओढू नको. तू इकडून उचललंस की तिकडचं बाक माझ्या पायावर बसतंय.”

मी हात तसाच ठेवला. शांतम्मा बाकापाशी गेली, दोघी फळीच्या मधे, एक दुसऱ्या टोकाला. टाळ्या विरून गेल्या होत्या. डबेही थांबले होते. कुणीतरी खुर्ची सरकवून उठलं. तुटलेला आकडा माझ्या पायाशी पडला होता, आणि त्याला चिकटून आलेलं लाकूड आतून नुसतं पोकळ होतं.

“भूलक्ष्मी,” मी हळूच म्हटलं, “तू सांगशील तेव्हाच.”

लुगड्याखाली काहीतरी सरपटलं. ती पाय सोडवून घेत असावी.

“रा.”

आम्ही पाचही जणी जागच्या हललो नाही. बाई स्टेजवर धावत आल्या, त्यांना मी डोळ्यांनीच थांबवलं.

मग दुसरा आला, आणि आम्ही एकदम उचललं.