इनॉकचा बाप

रविवारचं मटण करपलं म्हणून क्लाइव्ह पिचफर्डनं बायकोचे दोन दात पाडले. भांडी पुसायचा टॉवेल तोंडाला लावून जनीन तशीच दोन गल्ल्या ओलांडून नणंदेकडे आली. बेरिलनं दार उघडलं, टॉवेल पाहिला आणि फ्रीझरमधली वाटाण्यांची पिशवी काढून तिच्या गालाला लावली. विचारायचं काय त्यात? पिचफर्डांच्या घरात वाटाणे ताटात कमी आणि बायकांच्या गालावरच जास्त पडायचे.

"पोटाला?" तिनं एवढंच विचारलं. जनीनला चौथा महिना होता.

"नाही. हात आडवे धरले होते मी." जनीन रक्त थुंकली. "थोड्या वेळानं जाते परत. निवळला असेल तो. त्याचा तरी काय दोष, बेरिल? रक्तच तसलं. मला या पोटातल्याचीच धास्ती वाटते. हेही तसलंच निघालं तर? मंगळवारची वेळ घेतलीय दवाखान्यात. पाडून मोकळी होते."

कुलुपं घडवणाऱ्यांच्या त्या गावात हे रक्त सगळ्यांना ठाऊक होतं. अडीचशे वर्षांपूर्वी या घराण्यात इनॉक नावाचा कुलूपवाला होऊन गेला. त्यानं हाताखालच्या पोराची बोटं ऐरणीवर ठेवून हातोड्यानं चेचली होती. इनॉकच्या बापाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण घरात सांगत की बाप म्हणजे 'बैल' कॉर्बेट. उघड्या मुठींनी लढणारा हा पठ्ठ्या, आखाड्यात दोन माणसं ठार करून बसलेला. बेरिलचा बाप कमरेचा पट्टा सोडताना म्हणायचा, "मी नाही मारत, बैल मारतो." आपल्या हाताचं खापर मेलेल्याच्या डोक्यावर फोडायची ही सोय त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि कुणाला तिची लाजही वाटत नव्हती.

क्लाइव्हला तर बैलाचा केवढा अभिमान. पबमधल्या शेकोटीवरच्या भिंतीला बैलाच्या नावाची पाटी लावायची, त्याखाली आपलं नाव घालायचं, असं त्याच्या मनात होतं. त्यासाठी पुरावा शोधायचं काम त्यानं थोरल्या बहिणीवर टाकलं. बेरिलला पाटीशी देणंघेणं नव्हतं. पंचविशीत तिला लेन नावाच्या बस-ड्रायव्हरपासून दिवस गेले होते. चांगला होता लेन. पण बैलाचं रक्त पुढं जायला नको म्हणून तिनं ते मूल होऊ दिलं नाही आणि लेनची अंगठी परत केली. इनॉकचा बाप बैलच होता हे एकदा सिद्ध झालं, की आपण केलं ते बरोबर होतं असं तिला म्हणता आलं असतं. वर्षानुवर्षं ती शोधत होती ते यासाठी.

महिन्यापूर्वी तिला इनॉकचा बाप सापडला, आणि तेव्हापासून ती मूग गिळून बसली होती.

दाराची काच फुटली. क्लाइव्हनं आत हात घालून कडी काढली. मनगटातून रक्त येत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. सरळ स्वयंपाकघरात येऊन त्यानं जनीनचे केस मुठीत धरले.

"चल. गाडी चालू ठेवून आलोय."

आणि जनीन उठली. ओढल्यामुळं नव्हे, आपणहून, टॉवेल नीट घडी करत. ते पाहून मात्र बेरिलनं तोंड उघडलं.

"बैल आपला कुणी नव्हे, क्लाइव्ह," ती म्हणाली.

"काय?"

"इनॉकचा बाप सापडला. जोब लिटल. शिंप्याकडं इस्त्री करायचा. एका पायानं लंगडा."

क्लाइव्ह हसला, पण केस सोडले नाहीत. "म्हातारे, चढलीय का तुला?"

मग बेरिलनं गावाच्या जुन्या दप्तरात वाचलेलं सांगितलं. इनॉकची आई हॅना, बिनलग्नाची, कळा देत पडलेली. अशा पोराला पोसायचा भार गावावर पडू नये म्हणून सुईण हाताची घडी घालून बसायची, बापाचं नाव कळेपर्यंत बाळंतिणीला शिवायची नाही. बाहेर गावचे कारभारी उभे. बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल, अशातली गत. फक्त श्राद्ध बाळंतिणीचंच व्हायचं. पोराचा खांदा अडकला तरी हॅना दात आवळून गप्प होती. शेवटी खाट रक्तानं भिजली तेव्हा ती जोबचं नाव ओरडली. तोवर उशीर झाला होता. हॅना गेली.

"आणि जोब पळाला नाही," बेरिल म्हणाली. "आपणहून आला, पोर माझं म्हणाला. कारभाऱ्यांनी दंडुक्यांनी त्याचा धड पायही मोडला. त्यानं हात उचलला नाही कुणावर."

"कळा देणारी बाई कुणाचंही नाव घेईल."

"मलाही वाटलं तसं. पण नाताळात तू गालात कापसाची काडी फिरवलीस ना, ऐटीत, डीएनए कॉर्बेटांशी जुळवायला? बापाकडून मुलाकडं येणारी खूण असते त्यात. कॉर्बेटांशी काडीचं जुळलं नाही. लिटलांशी जुळलं. कॅनडात असतात. बाहुल्यांचे कपडे शिवतात."

जनीनच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं ते, फुटक्या ओठांतून.

"मग इनॉकनं बोटं कशी चेचली?" क्लाइव्ह ओरडला.

"शिकला. गावानं त्याला लहानपणीच एका कुलूपवाल्याकडं दिला. किल्ली बिघडवली म्हणून मालकानं त्याचा कान खिळ्यानं बाकाला ठोकला. पोरानं कान फाडून सोडवून घेतला, तेव्हा कुठं बोभाटा झाला आणि मालकाला न्यायाधीशापुढं नेलं. तिथं शिकला तो. बाबा आजोबांकडं शिकले. तू बाबांकडं."

क्लाइव्हनं जनीनचे केस सोडले आणि तीच मूठ बेरिलच्या कानशिलात बसली. ती शेगडीवर आदळली, रश्शाचं पातेलं कलंडून हातावर सांडलं, कातडी सोलवटून निघाली.

"हे काय मग?" तो स्वतःच्या मुठीकडं बघत म्हणाला. आवाजात जवळजवळ आनंद होता. "हे रक्त नाही?"

"हे तू," बेरिल जमिनीवरून म्हणाली. "नुसता तू."

जनीननं फोन उचलला होता. पोलिसांना ती घराचा नंबर सांगत होती, शांतपणे, बोबड्या तोंडानं. क्लाइव्ह तिच्याकडं झेपावला तेव्हा बेरिलनं दोन्ही हातांनी त्याचा पाय कवटाळला. त्यानं दुसऱ्या पायानं लाथा घातल्या, छातीत, खांद्यात, पुन्हा छातीत. काहीतरी मोडल्याचं तिला ऐकू आलं. तिनं पाय सोडला नाही. पोलिसांनी त्याला बाहेर ओढला तेव्हा तिची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

अँब्युलन्समध्ये जनीन शेजारी बसली होती. "मंगळवारचं रद्द करते," ती म्हणाली. बेरिलनं मान डोलावली. तिला बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं, आणि मग रडू कोसळलं. बरगडी मोडलेली असताना रडणं म्हणजे जिवावरचं काम.

जनीननं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "रागावू नकोस. पण महिनाभर माहीत होतं तुला. आधी सांगितलं असतंस तर माझे दात वाचले असते."

"हो."

"मग का नाही सांगितलंस?"

"माझ्या पोराला काय सांगू, ते सुचत नव्हतं."

"तुला कुठं पोर आहे, बेरिल?"

"नाही ना," बेरिल म्हणाली.