डावीकडे बळ, उजवीकडे उणिवा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कुरिअर आलं. पाकिटात ‘स्मृतीची जकात’ या चित्रमालिकेच्या अकरा ते वीस अंकांचं कच्चं प्रूफ होतं. एकत्रित आवृत्ती काळ्यापांढऱ्यात निघणार होती, म्हणून छापखान्याने रंगांचा थर काढून नुसता रेषांचा थर छापला होता.

रंगकर्तीने बाराव्या अंकाचं सहावं पान उघडलं आणि होती तिथेच जमिनीवर बसली.

चित्रातल्या जकातनाक्यावरच्या बाईचा उजवा डोळा गालावर उतरला होता. तिच्यामागे उभ्या असलेल्या देवाच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. पुढच्या पानावर दोन चेहरे एकमेकांत घुसले होते.

चित्रकार तिचा नवरा. वय सत्तावन्न. दोन वर्षांपासून त्याच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग होता. कडेने दिसायचं, समोरचं नाही. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. आणि बाराव्या अंकापासून त्याचे चेहरे आणि हात ती नव्याने काढते, हे घरातही तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

तो कागदावर काढायचा, ती पानं संगणकावर घेऊन रंगवायची. नवऱ्याच्या रेषेला हात लावायचा नाही, हा तिचा पहिल्या अंकापासूनचा नियम. त्यामुळे चुकलेल्या चेहऱ्यावर ती रंगाचा जाड हात द्यायची आणि त्या रंगावरच नवा चेहरा काढायची. खालची रेषा जशीच्या तशी राहायची. रंगीत अंकात कुणाला पत्ता लागला नाही. रंग काढले की आपले चेहरेही निघून जातील, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

अकरा पंचवीसला संपादकाचा फोन आला.

“वहिनी, प्रूफ पाहिलंत? दादांनी देवाला सहा बोटं दिलीत. देव आहे म्हणून चालवून घेऊ म्हणता?”

“चुकीची फाइल गेली असेल छापखान्यात. मी बघते.”

“बघा बाई लवकर. आणि तक्ता? चारच्या आत हवाय. पाचला बैठक आहे. मालिका तीसपर्यंत न्यायची की विसावर गुंडाळायची, आजच ठरणार. वरची मंडळी गुंडाळायच्याच बेतात आहेत, आधीच कानावर घालतो.”

तक्ता ही त्या प्रकाशनाची जुनी पद्धत. दर दहा अंकांनंतर एका कागदाचे दोन भाग करायचे. डावीकडे बळ, उजवीकडे उणिवा. हाताने लिहायचं, खाली सही करायची. लिहायचं ते रंगकर्त्याने, कारण छपाईला जाण्यापूर्वी प्रत्येक पान शेवटी त्याच्या नजरेखालून जातं.

ती लिहायला बसली. उजवी बाजू भराभर झाली. सोळा ते एकोणीस अंकांतलं युद्ध लांबलंय. मंत्रांचे नियम इतके, की वाचकाला वही घेऊन बसावं लागतं. जिथे दुःख दाखवायचं तिथे रक्त दाखवलंय. तीन बायका मरतात त्या केवळ नायकाला राग यावा म्हणून. मालिका स्वतःला प्रौढांची म्हणवते आणि देव मात्र पोरासोरांच्या कल्पनेतल्या पैलवानांसारखे उघडे फिरतात.

डाव्या बाजूला तिने लिहिलं: जिवंत आणि मेलेले यांच्यामधल्या नाक्यावर प्रत्येकाकडून एक आठवण जकात म्हणून घेतली जाते, ही कल्पना पक्की आहे. नायिका पन्नाशीची, थकलेली, आणि तिला त्याची लाज नाही. शय्येचे प्रसंग चवीसाठी नाहीत; त्यांतून संसार दिसतो.

तिथे पेन थांबलं. वाचकांची सर्वाधिक पत्रं चौदाव्या अंकाला आली होती. त्यात एक म्हातारी मुलाच्या मरणाची आठवण जकातीत देऊन टाकते आणि हसत नाका ओलांडते. मालिकेचं खरं बळ ते हसू होतं. ते तिने काढलं होतं.

“प्रूफ आलं वाटतं,” नवरा दारातून म्हणाला. पाकीट लपवायला तिला वेळ मिळाला नाही. भिंग घेऊन, मान तिरपी करून तो खिडकीपाशी बसला. “कोंबडीसारखा बघतो मी, पण बघतो.” हा त्याचा नेहमीचा विनोद.

वीस मिनिटं पानं उलटण्याचा आवाज येत राहिला.

“कधीपासून झाकतेयस माझे चेहरे?” त्याने विचारलं.

“बाराव्यापासून.”

“म्हणजे ती म्हातारी...”

“हो.”

“लोकांची पत्रं तू मला वाचून दाखवलीस. मी मिशीतल्या मिशीत हसत बसलो होतो. चांगलं गाढव केलंस माझं.”

“तू उठला होतास रे. मला तेवढंच हवं होतं.”

ते खरं होतं. निदान झालं तेव्हा तो सात आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून होता. झोपेच्या गोळ्या तिने कपाटात कुलपाआड ठेवल्या होत्या, आणि किल्ली गळ्यात. आठव्या आठवड्यात तो बाराव्या अंकाचं पहिलं पान काढायला उठला. पान भयंकर होतं. तिने ते झाकलं, म्हणून दुसरं पान झालं.

“तक्ता झाला?” त्याने विचारलं.

“होत आलाय.”

“मग लिही. उजवीकडे: चित्रकाराला दिसत नाही. डावीकडे: बारापासूनचे चेहरे आणि हात रंगकर्तीचे, तेच मालिकेचं बळ.”

“वेड लागलंय का तुला?”

“शेवट माझ्या डोक्यात आहे, हात तुझा आहे. त्यांना कळलं तर पुढचे दहा अंक पुरे होतील. नाही कळलं तर या प्रूफवर विसावरच खेळ खलास. सरळ हिशेब आहे.”

“आणि तू काय करशील?”

“बसेन. लोक बसतातच की.”

“तू? दोन दिवस पेन्सिल मिळाली नाही तर खुर्चीला शिव्या घालतोस तू.”

“लिही म्हणतो ना.”

तिने लिहिलं. उजवीकडे लिहिलं: काही अंकांत हातांचं रेखाटन घाईचं. डावीकडे लिहिलं: चित्रकाराची रेषा अजून कसदार आहे. फाइल चुकली म्हणून सांगायचं, रात्रंदिवस बसून बारापासूनच्या नऊही अंकांच्या रेषा नव्याने काढून द्यायच्या, असं तिने मनाशी ठरवलं होतं. कसं जमणार, ते ठरलं नव्हतं.

“वाच,” तो म्हणाला.

कागद हातात धरून, त्यावर नसलेली दोन्ही वाक्यं तिने वाचली, त्याने सांगितली होती तशीच. आवाज हलला नाही.

“ठीक. दे इकडे. मीच नेऊन देतो.”

“तू? रस्ता कसा ओलांडशील?”

“कडेकडेने.” तो हसला. “कडेचं तर दिसतं मला.”

तिने चपला घातल्या. ती बरोबर आली तर दारातच कागद फाडीन आणि पुन्हा पेन्सिलीला हात लावणार नाही, असं त्याने सांगितलं. हे दुसरं तो हळू बोलला, आणि तिने चपला काढल्या. तीन वाजून पाच मिनिटांनी तो जिना उतरला. कठड्याला हात होता. खिडकीतून तो तिला कोपऱ्यापर्यंत दिसला. एका सायकलवाल्याने त्याला चुकवलं.

चार वाजून दहा मिनिटांनी संपादकाचा निरोप आला: दादा पोचले, तक्ता मिळाला, पाकीट बैठकीतच उघडू. तिने उत्तर टाईप केलं, खोडलं, पुन्हा टाईप केलं. पाठवलं नाही.

पाच वाजून एक मिनिटाने फोन वाजला. संपादक दबक्या आवाजात बोलत होता.

“वहिनी, घोळ झालाय. दादा बैठकीत बसलेत. सगळ्यांसमोर म्हणाले, मला डोळ्यांनी दिसत नाही, बाकीचं तक्त्यात आहे, मोठ्याने वाचा. इथे सगळे गप्प झालेत. कागद माझ्या हातात आहे. यात तसलं काहीच नाही.” तो थांबला. “उलट आहे. कसदार रेषा वगैरे. सही तुमची आहे.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आलोय. आत जाऊन काय वाचू? कागदावरचं वाचलं तर दादांना कळेल तुम्ही काय केलंत. दादा म्हणतात ते वाचलं तर खाली सही असलेला कागद खोटा ठरतो. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते वाचतो.”

फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला. मागून नवऱ्याचा आवाज आला, जरा चढलेला, जवळजवळ खुशीतला: “अरे, किती पाणी पितोस? वाच की लेका!”

“वहिनी?” संपादक म्हणाला.

पाच वाजून चार मिनिटांनी फोन चालू होता. तिकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. ती अजून काही बोलली नव्हती.