खालच्या खणातल्या वह्या

आमच्या इस्पितळात तीन डॉक्टर. तिघांनी एकाच कॉलेजात एकच शपथ घेतली, पण ती घेताना कोणाला काय ऐकू आलं देव जाणे.

डॉक्टर म्सिस्का चर्चमधले मोठे मानकरी. ते खोटं बोलत नाहीत. मरणाऱ्याला ‘तू मरणार’ म्हणून सांगतात, तेही महिन्याच्या अंदाजासकट. डॉक्टर गोंड्वे नवऱ्याला, सासूला, साहेबाला, ज्याला जे हवं ते खोटं लिहून देतात, वर पाठीवर थाप मारतात. तिसरी वेझी म्हांगो नुकतीच पास झालीय. तिला प्रत्येक गोष्टीला सही लागते. एकदा एक म्हातारा फॉर्म वाचता वाचता बरा होऊन घरी गेला.

मी सिस्टर तेम्वा. बाहेरच्या बाकावर कोण कोणत्या दारापुढे बसेल, हे एकोणीस वर्षं मी ठरवते. पाय मोडलेला माणूस कुठेही चालतो. पण ज्याच्या पोटात काही लपलेलं आहे, त्याला मी नेमका गोंड्व्यांकडे ढकलते. त्यासाठी चेहरा वाचावा लागतो. ते कॉलेजात शिकवत नाहीत.

इथे दुखणं-औषध लिहायची आजाऱ्याची वही आजाऱ्याकडेच असते. ती घरी जाते आणि घरी ती सगळे वाचतात. म्हणून काहींच्या वह्या दोन. एक घरची, आणि एक खरी, जी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात कुलपात असते. आजमितीला एक्केचाळीस आहेत. गावातल्या कोणाच्याही लग्नाला गेले, तर मी मान खाली घालूनच जेवते.

त्यातली एक न्यालुहांगाची. पाच पोरं झाली, पाचव्याच्या वेळी ती जवळजवळ गेलीच होती. लग्नात नवऱ्याकडच्यांनी तिच्या बापाला गाई मोजून दिलेल्या, सासू अजून सहाव्याची वाट बघतेय. म्हणून तीन वर्षं ती दर तीन महिन्यांनी येऊन मूल न होण्याचं इंजेक्शन घेते. घरच्या वहीत गोंड्वे लिहितात, ‘ताकदीची सुई’.

ती सुई तिला सोसत नव्हती. अंगावरून जायचं ते थांबेना. या खेपेला आली तेव्हा नखं पांढरीफटक, पाण्याची बादली उचलवत नव्हती. मूल न होण्याचं दुसरं काही द्यावं, तर गोळ्या घरात सापडतील, दंडात बसवायची काडी नवऱ्याच्या हाताला लागेल. आणि सुई सोडायचं नाव काढलं की म्हणायची, सहावं राहिलं तर मी उठत नाही, सिस्टर.

आता खरी भानगड ऐका. त्याच खणात, तिच्या वहीखाली चार वह्या सोडून, तिच्या नवऱ्याची वही. फुम्बानी कुम्वेंडा, मका दळायच्या गिरणीवर काम करतो. पाचव्या बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी गुपचूप येऊन नसबंदी करून गेला. गोंड्व्यांनीच केली. गावात कळलं तर लोक बैल म्हणतील, म्हणून कोणाला सांगायचं नाही. वर्षातून एकदा तपासायला येतो, कारण त्याला वाटतं की कापलेलं परत उगवतं.

म्हणजे बाई तीन वर्षं रक्त घालवत होती ते फुकट. हे गोंड्व्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. तिचं दुखणं वाढत गेलं आणि आम्ही लोहाच्या गोळ्या वाढवत गेलो.

शेवटी मी तिन्ही दारं ठोठावली. नावं न घेता विचारलं, पण आमच्याकडे नाव न घेतल्याने काही लपत नाही. म्सिस्का म्हणाले, मी खोटं सांगणार नाही, पण दुसऱ्याचं गुपितही फोडणार नाही, मी प्रार्थना करीन. गोंड्वे पहिल्यांदाच हसले नाहीत.

“पेशंटसाठी हवं तेवढं खोटं बोलेन, तेम्वा. पेशंटच्या पाठीमागे खरं बोलायचं नाही, एवढी एकच लाज मी राखलीय.”

वेझीने सांगितलं, दोघांची वेगवेगळी लेखी संमती घ्या. मी विचारलं, कशाची संमती हे न सांगता? ती विचारात पडली. अजून पडलेलीच असेल.

तीन चांगली माणसं, आणि बाई मरत होती.

मग मी माझ्याच अधिकारातलं काम केलं. दोघांना एकाच बुधवारची, एकाच वेळेची तारीख दिली. ती बाकाच्या या टोकाला, तो त्या टोकाला, दोघंही एकमेकांना बघून दगड झालेले. मी खण उघडला आणि ज्याची वही त्याच्या हातात दिली. कोणाचं काही फोडलं नाही.

न्यालुहांगा सातवी शिकलेली. तिने उठून नवऱ्याच्या हातातली वही घेतली आणि उभ्यानेच वाचली.

“तिवोंगेचे बाबा,” ती म्हणाली, “सायकलवरून पडलो म्हणालात. पंधरा दिवस शेकलं मी तुम्हाला.”

“तू मेली असतीस,” तो म्हणाला. “मी दाराबाहेर उभा होतो त्या रात्री.”

बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा बाक हसला. ती पण हसली. हसता हसता तिने त्याच्या खांद्यावर एक ठेवून दिली, आणि तो रडायला लागला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

मग ती माझ्याकडे वळली.

“सिस्टर, या दोन्ही वह्या एकाच खणात होत्या?”

“हो.”

“तीन वर्षं?”

“हो.”

“आणि कुलपाची किल्ली?”

मी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. तिने दोन्ही वह्या कमरेच्या कापडात खोचल्या आणि ती नवऱ्याला घेऊन गेली.

पुढच्या महिन्यात ती लोहाच्या गोळ्यांसाठी आली. नखांवर जरा रंग चढला होता. गोंड्व्यांचं दार मोकळं होतं, मी तिला तिकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे न बघता म्सिस्कांच्या रांगेत जाऊन सगळ्यात मागे बसली.

“उशीर होईल तिथे,” मी म्हणाले.

“होऊ दे,” ती म्हणाली. “इथे कोण माझ्या बाजूने आहे, ते मला आता विचारायचं नाही. मला फक्त खरं ऐकायचंय.”