भेसळीचा वळू

आखातातल्या रिफा शहराच्या दक्षिणेला एका अरबाबाचा, म्हणजे मालकाचा, मांसासाठी गुरं वाढवण्याचा गोठा आहे. जत तालुक्यातला दत्ताराम तिथं अकरा वर्षं गुरं सांभाळतोय. कत्तलखान्याकडं भरून निघालेल्या गाडीकडं तो बघत नाही. पण गेटच्या आतल्या जनावराची हयगय कुणाला करू देत नाही.

गोठ्यात तीन वर्षं एकच वळू होता, बांड्या. संकरित, निम्मा उन्हाला काटक ब्राह्मन, निम्मा थंड मुलखातला अँगस. जुलैच्या उन्हातही निवांत रवंथ करायचा. त्याची वासरं काळी, भुरी, ठिपक्यांची, नाना रंगांची. काट्यावर चढवली की वजनं मात्र जवळजवळ सारखी भरत.

मग पुण्याचा गुरुप्रसाद मॅनेजर म्हणून आला.

"ही रंगांची खिचडी गिऱ्हाइकाला कशी दाखवायची?" तो म्हणाला. "हा भेसळीचा वळू काढा. मी शुद्ध अँगस मागवतोय."

"भेसळ दुधात असती साहेब," दत्ताराम म्हणाला. "ह्याच्यात दोन रक्तं हायत म्हणून तर वासरं हितल्या उन्हात तगत्यात. नवा आणा, पण थंडी पडल्याव गायींत सोडा. त्याला ऊन सोसायचं न्हाय."

"तू चारापाणी बघ. बाकीचं मी बघतो."

मे महिन्यात बांड्या कत्तलखान्यात गेला. जूनमध्ये नवा वळू चौतीस गायींत सोडला. तो दिवसभर पंख्याखाली जीभ काढून धापा टाकायचा. माजावर आलेली गाय जवळ आली तरी तोंड फिरवायचा. ज्या गायींवर गेला, त्यातल्या बहुतेक तीन आठवड्यांनी परत माजावर आल्या. दत्तारामनं गुरुप्रसादला व्हॉट्सॲपवर दोनदा बोलून कळवलं. उत्तरादाखल दोन्ही वेळा नुसता अंगठा आला.

ऑक्टोबरात गोठ्याच्या डॉक्टरीणबाई मुनीरा यांनी गायी तपासल्या. चौतिसातल्या पाच गाभण निघाल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसादनं इंग्रजी कागद पुढं केला. "सही कर."

"काय लिवलंय?"

"रूटीन आहे रे."

दत्ताराम कागद घेऊन सरळ मुनीराबाईंकडं गेला. त्या वळूची तपासणी आटोपून हात धूत होत्या. त्यांनी हिंदीत वाचून दाखवलं: गायींच्या माजाकडं कामगारानं लक्ष दिलं नाही, म्हणून गायी रिकाम्या राहिल्या. ही शेवटची ताकीद.

दत्तारामची कानशिलं तापली. चाऱ्याच्या खोलीत त्याचं कॅलेंडर होतं. प्रत्येक गाय कधी माजावर आली ते तिच्या बिल्ल्याच्या नंबरासकट लिहिलेलं. ते काढून तो ऑफिसात गेला. अरबाब तिथंच बसला होता. मुनीराबाईही मागोमाग आल्या.

"हे बघा," त्यानं कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि अरबाबला कळावं म्हणून हिंदीत बोलू लागला. "एक तारीख चुकली असंल तर मला आजच गावाला पाठवा. पण चूक नसताना चोर ठरवलं तर मी ऐकणार नाही."

मुनीराबाई शांतपणे म्हणाल्या, "वळूचं बीजच उन्हानं खराब झालंय. यात या माणसाचा काही दोष नाही."

अरबाबनं कॅलेंडरची पानं उलटली, मग मॅनेजरकडं पाहिलं. "उन्हाचं हे यानं आधी सांगितलं होतं?"

गुरुप्रसाद चष्मा पुसत राहिला. "थोडा गैरसमज झाला, सर." त्यानं कागद फाडला. "चल दत्ताराम, खलास."

"खलास न्हाय," दत्ताराम मराठीत म्हणाला. "मी दोनदा सांगितलं हुतं, तुमी ऐकलं न्हाय. जसं माझ्या नावानं लिवलं, तसं हे बी लिवा."

मग तेच त्यानं अरबाबला हिंदीत सांगितलं. अरबाबनं होकारार्थी मान हलवली. गुरुप्रसादनं टाइप केलं, मुनीराबाईंनी वाचून दाखवलं, तेव्हाच दत्ताराम खुर्चीत बसला. नवा संकरित वळू त्यानंच निवडायचा, असं अरबाब म्हणाला. दत्ताराम हो म्हणाला, पण त्याला हसू आलं नाही. बांड्या काही परत येणार नव्हता.

गुरुप्रसाद अजूनही चारचौघांत 'तो गैरसमज' म्हणतो. दत्ताराम जवळपास असला की हातातलं काम थांबवतो आणि काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगतो.