बोटं राठ होईपर्यंत

तुतीवालीच्या घरात अळ्या दोन दिवस उपाशी होत्या. रेशमाच्या अळ्या पाला खायला लागल्या की छपरावर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. त्या घरात तो आवाज बंद पडला होता, आणि बाहेर उन्हाचा असा तडाखा की जमिनीच्या भेगेत बोट घातलं तर पोळावं. सकाळी तिचा दीर तुतीच्या पाल्याचा भारा घेऊन आला, आणि दारातच तो आपटून म्हणाला,

"वहिनी, पोरगी त्यांनी नेली. या मुक्या जिवांनी तुमचं काय केलंय?"

तुतीवाली उंबऱ्यावर बसून चपलेचा तुटका अंगठा शिवत होती. तिनं मान वर केली नाही.

"आजपासून पाला तुम्हीच घाला भावजी. मी चालले."

"कुठं?"

"जिथनं आले तिथं."

दीर मटकन खाली बसला. "तिथं जाऊन काय होणार? ते पोरगीही ठेवतील आणि तुम्हालाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. माझ्या हाती तर तेही नाही यायचं."

"मग इथं बसून काय करू? मेलेल्या अळ्या झाडू?"

यावर दीर रागावला. "तुम्हीच लाडावून ठेवलीत तिला. नऊ वर्षांची घोडी, कधी शेणाला हात लावू दिला नाहीत. आमच्या पोरी बघा, तळहातावर कांदा फोडतात."

हे मात्र तिला लागलं, कारण ते खरं होतं.

जिथनं आले म्हणजे सूतघरातून. चार कोसांवर, नदीच्या वळणाला, उंच भिंतीचं ते घर. तिथं चाळीस पोरी चाळीस कढयांसमोर बसून उकळत्या पाण्यातल्या कोषांच्या धाग्याची टोकं बोटानं शोधायच्या आणि तो रहाटावर चढवायच्या. हे काम डोळ्यांचं नव्हे, बोटांच्या शेंड्यांचं. म्हणून पोरी लहानच लागायच्या. आणि तिथला रिवाज असा, की कढईपुढची जागा घराची. आई उठली की लेक बसायची. गळ्यात दोरी बांधून कुणी नेत नसे, पण भिंतीचं दार बाहेरच्या बाजूला उघडत नसे, एवढंच. दारावर एक म्हातारी असायची, हातात काठी, कमरेला किल्ली. तिला सगळे काठीवाली म्हणायचे. रोज काम सुटलं की ही काठीवाली चाळीस पोरींच्या बोटांना तेल चोळायची. माया म्हणून नव्हे. राठ बोटाला टोक लागत नाही, म्हणून.

तुतीवाली तिथंच वाढली. अठराव्या वर्षी ती पळाली, बाहेर कोषांच्या गाडीवाल्याशी लग्न केलं, पुढं तो गाडीखाली गेला आणि दीर-जावेच्या आधारानं ती तुती लावून अळ्या पाळायला लागली. नांगर धरला, दगड उचलले, कुदळ मारली. अकरा वर्षांत तिचे हात खुरप्याच्या मुठीसारखे झाले. त्याचं तिला सुखच वाटायचं. पण पोरीच्या बोटांना मात्र ती रोज संध्याकाळी तेल लावायची. दुसरी कसली माया कधी तिच्या अंगाला लागलीच नव्हती, तर ती आणणार कुठून? लेक कुशीत बसली की तिला खेळ म्हणून कोमट पाण्यात कोष टाकून द्यायची आणि म्हणायची, डोळे मीट आणि टोक काढ बघू. पोरगी चटकन काढायची. आई हसायची.

आणि तोच खेळ पोरीनं भर बाजारात केला. एरवी कोष विकायला दीर जायचा, त्या दिवशी तो तापानं फणफणला होता, म्हणून मायलेकी गेल्या. पोरीनं कुणाच्या तरी पाण्याच्या भांड्यात कोष बुडवला, डोळे मिटले, टोक काढलं. बघ्यांनी वाहवा केली. सूतघराचा मुकादम पाठीमागंच उभा होता. त्यानं गोड आवाजात विचारलं, "बाळ, कुणी शिकवलं गं?" ती म्हणाली, "आईनं." झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुकादमानं आईकडं निरखून बघितलं, ओळखलं, आणि पोरीचं मनगट धरलं.

"हिच्या घराची जागा अकरा वर्षं रिकामी पडलीय," तो चारचौघांत म्हणाला. चारचौघांनी माना हलवल्या. सगळ्यांचे कोष सूतघरच घेत होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? गावच्या पंचांनीही दुसऱ्या दिवशी तिला हेच ऐकवलं, फक्त त्याआधी पाणी विचारलं.

तर ती तिसऱ्या दिवशी दिराला बरोबर घेऊन सूतघराच्या दारात उभी राहिली.

थोरल्या बाई, म्हणजे सूतघराच्या मालकीण, अंगणातल्या छपराखाली बसून कोष निवडत होत्या. एकेक कोष कानाशी धरून हलवायच्या आणि आवाजावरून टोपलीत टाकायच्या. तुतीवालीला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"आलीस? बस."

"बसायला नाही आले. पोरगी सोडा. मी बसते तिच्या जागेवर. मरेपर्यंत बसते."

थोरल्या बाईंनी हातातला कोष खाली ठेवला. "हात बघू."

तिनं मूठ उघडली नाही. झाकली मूठ असते तोवरच मोलाची, हे तिला कळत होतं. बाईंनी मुकादमाला खूण केली. त्यानं तिला आत नेऊन एका कढईपुढं बसवलं.

आत तीच वाफ, तोच मेलेल्या किड्यांचा वास. समोरच्या रांगेत तिची लेक होती. तिचे हात पाण्यात होते आणि बोटांचे शेंडे उकडून पांढरे पडले होते. पोरीनं आईला बघितलं, ओठ हलले, पण हात थांबले नाहीत. तीन दिवसांत ती एवढं शिकली होती.

तुतीवालीनं उकळत्या पाण्यात हात घातला. पोळलं नाही. कोष बोटांखाली गरगर फिरत होते, पण टोक कुठं आहे ते बोटं सांगेनात. एक कोष फाटला. दुसऱ्याचा गुंता झाला. तिनं डोळे मिटले, खेळात पोरीला सांगायची तसे. तिसराही गेला. शेजारच्या पोरी बघत होत्या. कुणी हसलं नाही.

"पुरे," थोरल्या बाई म्हणाल्या. "कोष फुकटचे नाहीत."

"झाडलोट करेन. सरपण वाहीन. मेलेले किडे उपसेन."

"त्याला माणसं आहेत. तू मला काय देणार, ते सांग. माझी तयार जागा उठवायची तर मला काहीतरी मिळायला हवं ना?" बाईंचा आवाज अगदी समजूतदार होता. भाजी घेताना बायका बोलतात तसा.

तुतीवालीजवळ एकच वस्तू होती आणि ती थोरल्या बाईंना ठाऊक होती. अकरा वर्षं त्या वस्तूनं त्यांची झोप मोडली होती.

"कुठून पळालीस?" बाईंनी विचारलं. "भिंत चढली नाहीस. दार उघडलं नाहीस. जुन्या काठीवालीला मी त्यासाठी किती बोलले. मरेपर्यंत ती शपथा घेत होती."

"काठीवाली मेली?"

"गेल्या हिवाळ्यात. दाराला माणूस नाही. पळालेलीला पळायच्या वाटा माहीत असतात, तिच्यासारखी राखण दुसरी कोण करणार? वाट दाखव, किल्ली घे, दारावर बस. पोरगी आत्ता सोडते."

आतल्या चाळीस रहाटांचा आवाज येत होता. तुतीवालीला माहीत होतं की ती वाट एखादी पोर कधी ना कधी शोधेल. स्वतः पळताना तिनं भिंतीतला एक दगड मुद्दाम सैल ठेवला होता, मागच्यांसाठी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तिनं शंभरदा ऐकली होती. दांड्याला काय वाटत असेल ते कुणी सांगितलं नव्हतं.

"कढईपुढच्या जागेवरनं आमच्या घराचं नाव कापा आधी," ती म्हणाली.

"नाव कापता येत नाही. पण जागा रिकामी ठेवते. हे बघ, खोटं बोलत नाही मी तुझ्याशी. असली बोटं दहा वर्षांत एकदा मिळतात. पोरगी परत माझ्या माणसांच्या नजरेला पडली आणि बोटं अशीच असली, तर मी त्यांना थांबवणार नाही."

"आणि बोटं अशी नसली तर?"

थोरल्या बाईंनी तिच्या हातांकडं बघितलं. "मग घेऊन काय करायची?"

तुतीवाली उठली. मागच्या अंगणात गेली. घाण पाण्याच्या मोरीपाशी वाकून तिनं डाव्या हाताचा तिसरा दगड ओढला. तो सहज निघाला. पलीकडं शेत दिसलं, उन्हात पांढरं पडलेलं. मुकादमानं चुना आणि वाळू आणवली. कालवायला घमेलं तिच्याच पुढं ठेवलं, आणि तिनं ते कालवलं. दगड पक्का बसेपर्यंत आतले काही रहाट थांबले होते. मग मुकादम ओरडला आणि पुन्हा सुरू झाले.

पोरीला दारात आणलं तेव्हा ती आईच्या कमरेला बिलगली. तिथं किल्ली तिच्या गालाला टोचली.

"चल ना आई घरी."

"तू जा काकाबरोबर."

"तू?"

"मला इथं काम लागलंय." मग ती दिराकडं वळली आणि पोरीला ऐकू जाईल अशा बेतानंच बोलली, "भावजी, हिला तेल लावायचं नाही. दगड वेचू दे, शेण काढू दे, दोर वळू दे. हात सोलले तरी थांबू देऊ नका. आणि बाजारात आणायचं नाही."

दीर हबकला. "वहिनी, लेकरू आहे ते."

"म्हणूनच सांगतेय."

पोरगी आईकडं बघत राहिली. सगळ्या जगात मऊ असलेली ती एक जागा आज अशी का बोलते, ते तिला कळेना. तिला कळावं म्हणून काही सांगायला तुतीवालीपाशी वेळही नव्हता आणि धीरही नव्हता. तिनं स्वतःच्या हातानं दार ओढलं आणि आतून कुलूप घातलं.

पोरगी ऐकणारी नव्हती. दर बाजाराच्या दिवशी चार कोस चालून ती भिंतीपाशी येऊन उभी राहायची. पहिल्यांदा तुतीवालीनं आतून नुसतं "जा" म्हटलं. दुसऱ्यांदा काठी दाखवली. तिसऱ्या बाजारी मुकादम कोषांच्या गाड्या मोजत दाराबाहेरच होता, आणि पोरगी झाडाखाली उभी राहून हात हलवत होती. हात अजून लहान, अजून गोरे. मुकादमानं मान वळवायच्या आत तुतीवाली दाराबाहेर दोन पावलं गेली, मुठीएवढा दगड उचलला आणि फेकला.

दगड पोरीच्या घोट्यावर बसला. ती ओरडली नाही. वाकून घोटा धरला, आईकडं एकदा बघितलं आणि लंगडत निघून गेली.

"कोण होती?" मुकादमानं विचारलं.

"भिकारी," ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशी जेवली. जगायचं तर जेवावं लागतं, आणि किल्ली कमरेला असली तरी भूक लागतेच.

पुढच्या बाजारी पोरगी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुतीवाली झाडाखाली बघायची, कुणी नसलं की सुटकेचा सुस्कारा सोडायची, आणि मग दिवसभर तिचं कशात लक्ष लागायचं नाही.

पाऊस होऊन गेला, तुती दोनदा छाटून झाली, तेव्हा कुठं दीर कोष घेऊन सूतघराच्या दारी आला. माप होईपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला. ती आतल्या बाजूला. मध्ये दाराची फट.

"बरी आहे ती," तो आपणहून म्हणाला. "तुमचं नाव काढत नाही. कुणी विचारलं तर आई मेली म्हणते."

"चांगलं करते."

"वहिनी, तिला खरं काय ते सांगू द्या मला. एकदाच."

"सांगितलंत की ती इथं धावत येईल. बोटं कशी आहेत?"

दीर म्हणाला, "तुम्ही सांगितलं तसंच केलं. बांधाचे दगड सगळे तिनंच रचले. मध्यंतरी अंगठ्यात काटा मोडला होता. दोन दिवस तिला पत्ताच नाही. तिची काकू हात धुवायला लावत होती, तिला दिसला."

"दुखलं नाही?"

"कळलंच नाही म्हणाली. सुईत दोरा ओवायला बसली, तर दोरा बोटांना लागेना. रडली त्यावरून. पूर्वी यायचं म्हणाली, आता येत नाही."

"पुन्हा सांगा."

"काय?"

"ते दोऱ्याचं."

दिरानं पुन्हा सांगितलं. फटीतून त्याला तिचं अर्धंच तोंड दिसत होतं आणि ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहून तिच्या हनुवटीवरून किल्लीवर पडत होतं. त्याला ते बघवेना. माप झाल्याची हाक आली तसा तो वळला.

दिवस कलला होता. आतले रहाट थांबले. एकोणचाळीस पोरी भिंतीशी रांगेनं बसून बोटं पुढं करून वाट बघत होत्या. तुतीवालीनं तोंड पुसलं, काठी कोपऱ्यात उभी केली आणि तेलाची वाटी घेऊन पहिल्या पोरीपुढं बसली.