तिसऱ्या भागाचा नारळ

धीर या विषयावर शांताराम सर पाऊण तास बोलू शकत, आणि दर श्रावणात बोलत. कोरगावच्या देवळात संध्याकाळी पाचला वाचनाला बसण्याआधी कोणी ना कोणी तिसरा भाग आला का म्हणून विचारायचंच, आणि सर चष्मा पुसता पुसता सुरू व्हायचे. पुस्तक म्हणजे काय पदेराचे पाव आहेत, सकाळी भोंगा वाजला की पिशवी घेऊन दारात उभं राहायला? लेखकाला लिहू द्या. तुम्हाला काजूचं बोंड पिकेपर्यंतसुद्धा दम निघत नाही, उद्या झाडालाच नोटीस द्याल. ऐकणारे गप्प बसायचे, कारण निवृत्त हेडमास्तरांना मध्येच तोडायची गावाला सवय नव्हती. सरांना मात्र आतून बरं वाटायचं. उतावळ्या माणसांची त्यांना मनापासून कीव येई, आणि दुसऱ्याची कीव करायला मिळणं ही निवृत्तीनंतरची त्यांची मोठीच चैन होती.

हे त्रांगडं मुळात झालं कसं ते सांगायला हवं. श्रावणभर देवळात पोथी वाचायची गावाची जुनी रीत. वाचन ज्याने सुरू केलं त्यानेच शेवटपर्यंत न्यायचं, समाप्तीला नारळ फोडायचा, प्रसाद वाटायचा. पोथी अर्धी सोडायची नाही. नऊ वर्षांपूर्वी देवस्थान समितीला हुक्की आली की त्याच त्या पोथ्या किती वाचायच्या, यंदा आपल्या गोव्यातल्याच माणसाची कादंबरी वाचू. आमोण्याच्या गोकुळदास गावसांची 'मानशीपल्याड' तेव्हा गाजत होती. नदीकाठच्या शेताच्या बांधात खारं पाणी अडवायला जे दार असतं ते म्हणजे मानस. त्या मानशीपाशी उभी राहून कुमुद नावाची मुलगी धाकट्या भावाला सांगते की भात कापायला मी परत येईन, माझा विळा जपून ठेव, आणि होडीत बसून निघून जाते. दुसऱ्या भागाच्या शेवटी, वीस वर्षांनी, ती परत यायला निघते. पोचते की नाही हे तिसऱ्या भागात कळणार होतं. शेवटच्या पानावर तसं छापलंच होतं, 'तिसरा भाग लवकरच'.

'लवकरच' या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसं अजून शिल्लक आहेत, हे कोरगावने सिद्ध केलं. समितीचे अध्यक्ष महादेव यांना स्वतःचा आवाज ऐकायला फार आवडतो. पहिल्या दिवशी त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. ते चार वाक्यांत आटोपलं असतं तर काही बिघडलं नसतं, पण महादेवांना रंग चढला. हे पुस्तक पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत तुझ्यासमोर वाचून घेऊ, ते पुरं होईपर्यंत चौरंगावर दुसरं पुस्तक ठेवणार नाही, असं त्यांनी देवाला सांगून टाकलं, आणि जमलेल्या साठ माणसांनी एका सुरात "व्हय महाराजा" म्हटलं. लिहूनच न झालेल्या पुस्तकाच्या वतीने देवाला शब्द देणारं दुसरं गाव शोधूनही सापडायचं नाही.

तेव्हापासून दर श्रावणात तेच दोन भाग. सर वाचायचे, महिनाअखेर महादेव पुस्तकांवर लाल कपडा टाकायचे आणि समाप्ती पुढच्या साली म्हणायचे. साठांचे चाळीस झाले, चाळिसांचे चौदा. जे उरले त्यांना पुस्तक पाठ झालं होतं. सरांनी एखादा शब्द गाळला तर मागून कोणीतरी तो घालायचा.

आणि गोकुळदास गावस काय करत होते? सत्कार घेत होते. साखळीला, डिचोलीला, पेडण्याला, जिथे म्हणून व्यासपीठ बांधलं जाई तिथे ते शाल पांघरून बसलेले दिसत, आणि बोलायला उठले की लेखन चालू आहे, रसिकांनी धीर धरावा, असं सांगत. पाच वर्षांपूर्वी तिसऱ्या भागाच्या मुखपृष्ठाचं प्रकाशन झालं. नुसत्या मुखपृष्ठाचं. आत पान नाही, पण वर दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि शेवटी बटाटेवडे. सरांनी ती बातमी पेपरात वाचली तेव्हा ते इतके हसले की कवळी निसटली. असल्या माणसाचा त्यांना तिरस्कार वाटे, आणि तरीही संध्याकाळी देवळात त्याचीच बाजू घेऊन ते लोकांना धीर शिकवत.

का, ते गावाला ठाऊक होतं आणि सरांनाही. सरांचा आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता. कवळीमुळे श घसरायचा, अर्धं पान झालं की धाप लागायची. महादेवांची पुतणी गौरवी कॉलेजात शिकवत होती. गणपतीत तिने एकदा आरतीआधी दोन पानं वाचून दाखवली तर माणसं पाटावरून उठायला तयार नव्हती. समितीने ठरवून टाकलं होतं की 'मानशीपल्याड'ची समाप्ती झाली की पुढच्या श्रावणापासून गौरवी वाचेल, नवीन पुस्तक. पण मध्येच माणूस बदलायचा नाही ही रीत. म्हणजे तिसरा भाग येत नव्हता तोवर चौरंगामागची जागा सरांची होती. तो आला की गेली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा प्रज्योत परदेशी होता, आणि वर्षातले अकरा महिने सर त्या एका महिन्याची वाट बघत काढत.

यंदा दहावा श्रावण तोंडावर आला तेव्हा गंगाकाकीने समितीच्या बैठकीत येऊन बसायचं धाडस केलं. गंगाकाकी चौऱ्याऐंशी वर्षांची, पहिल्या दिवसापासून पुढच्या रांगेत बसणारी. समाप्तीचा नारळ आपल्या झाडाचा असावा म्हणून ती दरवर्षी एक घेऊन यायची आणि महिनाअखेर तो परत नेऊन त्याची चटणी करायची. तिने फारसं काही मागितलं नाही. ती कुमुद पोचली का, एवढं आपल्याला मरायच्या आधी कळावं, कोणीतरी त्या बाबाला जाऊन विचारा, असं म्हणाली. सगळ्यांनी सरांकडे बघितलं.

सर गेले. म्हापशाला बस बदलली, साखळीला बदलली, आणि वाटभर गावसांना काय काय सुनवायचं ते मनात घोळवत राहिले. त्या माणसाने एक ओळ लिहिलेली नसणार याची त्यांना खात्री होती, आणि ही खात्री त्यांना फार सुखाची वाटत होती.

आमोण्याला गावस ओट्यावरच भेटले. भिंतीवर मानचिन्हांची गर्दी इतकी की देवाच्या तसबिरीला कोपरा शोधावा लागला होता. चहा आला. सरांनी घोकलेली वाक्यं बाजूला ठेवून गाऱ्हाण्याची सगळी हकिकत सांगितली: देवाला दिलेला शब्द, लाल कपडा, गंगाकाकीचे नऊ नारळ. गावस हसतील असं त्यांना वाटलं होतं. ते हसले नाहीत. उठून आत गेले आणि सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा घेऊन आले. तिसरा भाग पुरा झाला होता. मुखपृष्ठाच्या त्या समारंभाच्याही आधी झाला होता.

मग छापला का नाही, असं सरांनी विचारलं.

"आयलो म्हणटकच सोंपलें, सर," गावस म्हणाले. "येवपाचो आसा, तोमेरेन लोक विचारतात. मागीर कोण विचारता?" येणार आहे तोवरच लोक विचारतात, एकदा आला की संपलं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

देवाला दिलेला शब्द अडकलाय तर हा न्या आणि वाचा, पेपरवाल्यांना तेवढं सांगू नका, असं म्हणून त्यांनी गठ्ठा सरांच्या पिशवीत घातला.

काय हलका माणूस, सर बसस्टॉपवर उभं राहून म्हणाले. चार शालींसाठी हजारो वाचकांना टांगून ठेवतो. निर्लज्ज. आठवेल तो शब्द त्यांनी गावसांना लावला आणि बसमध्ये बसल्या बसल्या सुतळी सोडली. डिचोली मागे पडायच्या आत कुमुद परत आली होती. घरी पोचली होती, अगदी भात कापणीच्या दिवशी. भावाने विळा जपून ठेवला होता, पण वीस वर्षं कोणी नुसता ठेवत नाही. तो विळा आता भावजयीच्या हातात होता आणि तिचा हात कुमुदपेक्षा सफाईने चालत होता. सगळ्यांनी कुमुदला प्रेमाने बसायला सांगितलं. ती मानशीवर बसली आणि दुसऱ्यांचं कापणं बघत राहिली. तो भाग सरांनी दोनदा वाचला. म्हापशाला कंडक्टरने उतरायला सांगितलं तेव्हा ते दचकले.

कोरगावच्या तिठ्यावर महादेव वाटच बघत होते. काय झालं, त्यांनी विचारलं.

"अजून लिहून झालेलं नाही," सर म्हणाले. "धीर धरायला हवा."

गठ्ठा कपाटात, बायकोच्या साड्यांच्या खाली गेला. पहिल्या दिवशी सरांना त्याची लाज वाटली, दुसऱ्या दिवशी त्यांनी लाजेची समजूत घातली. आपण काय शालींसाठी करतोय? एवढा एक श्रावण होऊ दे, पुढच्या साली बघू. हेच वाक्य गावसांनीही पाच वर्षांपूर्वी स्वतःला ऐकवलं असेल, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी रेडिओ मोठा केला.

श्रावण सुरू झाला. चौदा माणसं सतरंजीवर बसली, गंगाकाकीने दहावा नारळ शेजारी ठेवला. गठ्ठा घरी ठेवायला भीती वाटत होती, कामवाली सगळं उचकते, म्हणून सरांनी तो पिशवीत घालून बरोबर आणला होता. त्यांनी पहिला भाग उघडला. चौथ्या दिवशी मानशीचा प्रसंग आला. 'भात कापायला मी परत येईन. माझा विळा जपून ठेव.' हे वाक्य सर नऊ श्रावण ताठ मानेने, जरा रागाने वाचत आले होते; निघून जाणाऱ्या पोरीचा ठसका त्यात असायचा. यंदा विळा या शब्दाशी त्यांचा आवाज बसला. खाकरून त्यांनी ते वाक्य पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच बसला. त्यांनी तांब्यातलं पाणी प्यायलं आणि पान उलटलं.

"शांतारामा, रव," गंगाकाकीने त्यांना थांबवलं.



"तुका कळ्ळां," ती म्हणाली. "पुढें कितें जाता तें तुका कळ्ळां. नाजाल्यार तू हांगा रडचो ना."

पुढचं कळल्याशिवाय सर या वाक्याशी रडायचे नाहीत, हे तिने ओळखलं होतं. सर खोटं बोलू शकले असते. समोर महादेव होते, गौरवी होती, नऊ वर्षं त्यांचं व्याख्यान निमूट ऐकणारी माणसं होती. पण या चौदा जणांना त्यांचा श्वाससुद्धा पाठ झाला होता, आणि पाठ त्यांनीच करून घेतला होता.

"पोचली ती," सर म्हणाले. "घरी पोचली."

गंगाकाकीने डोळे मिटले आणि हात जोडले. मग डोळे उघडून शांतपणे विचारलं, "बरें जालें. मागीर लपयलें कित्याक?"

लपवलं कशाला, असंच काहीसं त्यांनीही गावसांना ओट्यावर विचारलं होतं. एका आमोणेकराला बसस्टॉपवर उभं राहून जे जे म्हटलं होतं ते सगळं त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढून चौरंगावर ठेवला. महादेव काहीतरी बोलणार होते, गंगाकाकीने त्यांच्याकडे बघितलं तसे ते गप्प बसले. पंख्याने सुटे कागद उडायला लागले म्हणून गौरवी पुढे येऊन सरांच्या शेजारी बसली आणि पानं हाताने दाबून धरली.

पाठ झालेले दोन भाग बाजूला ठेवून, आठवड्यात संपला असता असा तिसरा भाग सरांनी श्रावण संपेपर्यंत पुरवला. रोज चार पानं, कधी तीन. बातमी गावभर झाली, चौदांचे साठ झाले, मागे उभं राहायला जागा उरली नाही. शेवटाची सगळ्यांनाच घाई होती, आणि आपल्याला या माणसाने फसवलं होतं हेही सगळ्यांना कळलं होतं. पण सर, जरा लवकर घ्या, असं एकही माणूस म्हणाला नाही. श घसरला तरी कोणी तोंड लपवून हसलं नाही. सरांना हे फार लागलं. लोकांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

समाप्तीला गंगाकाकीचा नारळ फुटला. महादेवांनी नेहमीसारखं लांबण लावून भाषण केलं, सरांना शाल दिली, आणि पुढच्या श्रावणापासून गौरवी वाचणार असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सरांनी शाल काखेत धरून चौरंगामागची जागा सोडली आणि ते सतरंजीवर गंगाकाकीच्या शेजारी येऊन बसले. तिथून चौरंग त्यांना वाटला होता त्यापेक्षा लांब दिसत होता.

गौरवी प्रसाद वाटत त्यांच्यापाशी आली. पुढच्या साली कोणतं पुस्तक, त्यांनी विचारलं. अजून ठरलं नाही, ती म्हणाली. त्यांनी प्रसाद तोंडात टाकला. ती परत फिरताना त्यांनी पुन्हा विचारलं, निदान अंदाज तरी? तीन-चार नावं आहेत, सर, बघू, ती म्हणाली. ती पायऱ्यांशी पोचली तेव्हा सर तिसऱ्यांदा विचारायला उठू लागले.

गंगाकाकी खोबऱ्याचे तुकडे पदरात बांधत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"धीर धर, शांतारामा," ती म्हणाली.